मोठ्या बाई गप्प बसायला शिकल्या

उंचीने पाच फूटसुद्धा नसलेल्या बाईंना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची आणि त्यात कुणाला काही गंमत वाटत नसे. त्या व्हरांड्याच्या टोकाला आल्या की चारशे मुलं आणि एकोणीस शिक्षक यांचा आवाज आपोआप खाली यायचा. बाईंना याचा अभिमान होता, आणि असायला हरकतही नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्या मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा या शाळेत तास संपला की आधी शिक्षक पळायचे आणि मग मुलं. खिडक्यांना काचा नव्हत्या. पालक नाव घालायला यायचे ते दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही म्हणून. आता नाव घालायच्या दिवशी सकाळपासून फाटकाबाहेर रांग लागायची.

हे सगळं बाईंनी एकहाती केलं होतं आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. शाळेत जे काही व्हायचं ते बाईंना विचारून व्हायचं. फळे कधी रंगवायचे, सातवीतल्या मुलीचा चष्मा फुटला तर घरी कुणी कळवायचं, खडूची नवी पेटी आज उघडायची की सोमवारी, ओली चित्रं कुठे वाळत घालायची, सगळं. बाईंच्या खोलीबाहेर दवाखान्यात असतं तसं एक लांब बाक होतं आणि त्यावर कायम दोघं-तिघं शिक्षक ताटकळत बसलेले असायचे. बाई प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन मोकळं करायच्या. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. त्या चुकत असत्या तर कुणीतरी कधीतरी स्वतःचं डोकं चालवलं असतं.

सवय जुनी होती. बाई बारा वर्षांच्या असताना वडील गेले. आई शिवणकामाच्या कारखान्यात पहाटे जायची ती दिवे लागल्यावर परत यायची, आणि पाठची चार भावंडं. कुणाच्या पायात कुणाचे बूट घालायचे, कुणाला खरा ताप आहे आणि कुणाचं नाटक, हे त्या बारा वर्षांच्या पोरीने ठरवायचं. ती जरा थांबली की सगळेच थांबायचे आणि धाकटा भोकाड पसरायचा. आपण ठरवलं नाही तर कुणीच ठरवत नाही, हे तिच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं. भावंडं मार्गी लागली, त्यांचे केस पिकले, तरी अजून घरात नवीन कपाट घ्यायचं म्हटलं की चौघंही ताईला फोन करायची. ताई कपाटाचा रंगसुद्धा सांगायची.

शाळेच्या घंटेचंही तेच. बाई नव्या असताना शिपाईकाकांनी एका परीक्षेच्या दिवशी दहा मिनिटं आधी घंटा दिली आणि निम्म्या मुलांनी पेपर अर्धवट टाकले. बाईंनी त्याच दिवशी सांगितलं, की यापुढे मी व्हरांड्यात येऊन हात वर करीन, तेव्हाच घंटा द्यायची. काकांनी ते शिरसावंद्य मानलं. प्रत्येक तासाच्या शेवटी बाई व्हरांड्यात यायच्या, हात वर करायच्या आणि काका टोल द्यायचे. बाई नसल्या तर काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण बाई नसायच्याच कुठे? अकरा वर्षांत त्यांनी तीन रजा घेतल्या आणि तिन्ही वेळा काकांच्या खिशात वेळांची चिठ्ठी ठेवून गेल्या.

बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. पहिल्या सत्रात एके दिवशी तिसरा तास चालू असताना संस्थेचे अध्यक्ष आले. हे गृहस्थ मूळचे गुरांचे डॉक्टर. जन्मभर न बोलणारे रोगी तपासल्यामुळे त्यांना समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्याकडे बघत बसायची सवय होती, आणि बाईंना त्या बघण्याचा जरा जाच व्हायचा. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. बाई निवृत्त झाल्यावर ही शाळा नदीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडावी असं संस्थेत चाललं होतं. तिथले मुख्याध्यापक दोन्हीकडचं बघतील. इथे नुसता एक देखरेख करणारा माणूस ठेवला की झालं.

 नदीपलीकडच्या शाळेत अडीच हजार मुलं होती. तिथे मुलं हजेरीच्या क्रमांकाने ओळखली जायची, आणि जी मागे पडत ती मागेच राहत. आपली शाळा त्या शाळेची शेपटी होणार, हे बाईंना सहन होण्यासारखं नव्हतं. मग त्या बोलायला लागल्या. माझे शिक्षक एकेक हिरा आहेत, त्यांना बाहेरच्या मुख्याध्यापकाची गरज नाही, त्यांच्यातलाच कुणीही उद्या ही शाळा चालवील, हे त्यांनी अध्यक्षांना नाना परींनी पटवून दिलं. बोलता बोलता दीड तास गेला. अध्यक्षांचं मन वळत आलं होतं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतही होतं. दोघं उठले आणि बाईंनी दार उघडलं.

शाळा चिडीचूप होती. बारा वाजले होते. अकराला तिसरा तास संपून जेवणाची सुट्टी व्हायला हवी होती. ती झाली नव्हती. सगळी शाळा अजून तिसऱ्या तासातच होती. भाषेचे सर संपलेला धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून देत होते. मैदानावर आठवीची मुलं तासाभरापासून धावत होती, म्हणजे आता जेमतेम चालत होती, आणि खेळाचे सर झाडाला टेकून घड्याळ बघत होते. घड्याळ एकोणीसही मनगटांवर होतं. शिपाईकाका घंटेपाशी हातोडी घेऊन उभे होते आणि त्यांची नजर व्हरांड्यावर खिळलेली होती.

अध्यक्षांनी काकांना अगदी मायेने विचारलं, की घंटा का नाही दिली. काका म्हणाले, "बाईंनी हात वर नाही केला."

अध्यक्ष हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाईंकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, शाळा तुम्ही उत्तम चालवता. प्रश्न एवढाच आहे, तुमच्यानंतर कोण? मला एक नाव सांगा." बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना एकही नाव सुचलं नाही. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. अध्यक्षांनी मग स्वतःच तोड काढली. वर्ष संपायच्या आत मी पुन्हा येईन, न कळवता येईन, शाळेत फिरेन. तोवर नाव सापडलं तर शाळा स्वतंत्र राहील, नाही तर जोडली जाईल, असं सांगून ते गेले.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या तणतणत. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. हे यजमान जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले, स्वभावाने अतिशय थंड. आधी त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. बाई म्हणाल्या, यात हसण्यासारखं काय आहे, एकोणीस माणसांना घड्याळ वाचता येत नाही का.

"येतं की," यजमान डोळे पुसत म्हणाले. "मलाही येतं. पण पस्तीस वर्षांत मी तुला विचारल्याशिवाय या घरातली खिडकी उघडलेली नाही. मला त्याचं सुख आहे, डोक्याला ताप नाही. पण मी काही शाळेत शिकवत नाही."

बाईंना ते लागलं. रागाने त्या उठून गेल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. एकोणीस माणसांना आपण लहान भावंडं करून ठेवलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. लाज वाटली आणि भीतीही वाटली, कारण हे कसं बदलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला. काकांना सांगितलं, घड्याळ बघून घंटा द्या. शिक्षकांची सभा घेतली आणि सांगितलं, की आजपासून आपापल्या गोष्टी आपण ठरवायच्या, मला विचारायचं नाही. सभा संपली आणि बाहेरच्या बाकावर तिघांऐवजी सात जण बसले. कुठल्या गोष्टी आपापल्या, ते विचारायला आले होते. खेळाच्या सरांनी तर ठरवलेल्या गोष्टींची यादी करून आणली आणि तिच्यावर बाईंची सही मागितली. काका घंटा वेळेवर द्यायला लागले, पण टोल दिल्यावर चुकल्यासारखी मान खाली घालायचे. बाईंनी कपाळावर हात मारला आणि सही केली.

मग बाईंना खोकला झाला. मुलगी परगावी परिचारिका होती. तिने पेपरमिंटच्या गोळ्यांचा मोठा पुडा पाठवला आणि गोळी चावायची नाही, चघळायची, अशी तंबी दिली. बाईंनी गोळी तोंडात टाकली आणि त्याच क्षणी चित्रकलेचे सर आत आले. मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन सभागृहात लावायचं की व्हरांड्यात, असा त्यांचा प्रश्न. बाईंना उत्तर माहीत होतं, पण गोळी मोठी होती आणि तोंडात गोळी घेऊन शिक्षकांशी बोलणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी नुसतं "हं" केलं.

सर थांबले. बाई काही बोलेनात म्हणून तेच पुढे म्हणाले, की सभागृहात उजेड कमी. बाईंनी पुन्हा हं केलं. व्हरांड्यात वारा, चित्रं उडतील, सर म्हणाले. मग आणखी थोडं थांबून म्हणाले, की जिन्याच्या भिंतीवर लावली तर? वारा नाही, उजेड भरपूर, आणि येता-जाता सगळ्यांना दिसतील. बाई बघतच राहिल्या. त्यांच्या मनातलं उत्तर सभागृह हे होतं आणि जिना त्यांना सात जन्मांत सुचला नसता. सर आपल्याच खुशीत निघूनही गेले. गोळी विरघळायला अजून अवकाश होता.

खोकला आठवड्यात गेला, गोळ्या राहिल्या. यजमानांनी घड्याळ लावून मोजलं, एक गोळी चार मिनिटं टिकायची. कुणी दारात दिसलं की बाई हळूच एक तोंडात टाकायच्या. पहिलं मिनिट भयंकर जायचं. उत्तर जिभेच्या टोकाशी येऊन धडका मारायचं, हातांना मुंग्या यायच्या, समोरचा माणूस भलतीकडे चाललेला दिसायचा आणि त्याला कान धरून रस्त्यावर आणावंसं वाटायचं. दुसऱ्या मिनिटाला तो माणूस अवघडायचा. तिसऱ्याला बोलायला लागायचा. चौथ्या मिनिटाला बहुतेक जण उत्तर घेऊन बाहेर पडायचे आणि जाताना बाईंचे आभार मानायचे. कधी कधी ते उत्तर चुकायचं. तेव्हा मात्र बाई दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या शेजारी बसून निस्तरू लागायच्या, आणि मी आधीच सांगितलं असतं, हे वाक्य गिळून टाकायच्या. हे गिळणं सगळ्यात कठीण होतं. त्याला कुठली गोळी नव्हती.

शाळेत कुजबूज सुरू झाली, की बाईंना घशाचं काहीतरी मोठं दुखणं आहे. काका गरम पाण्याचा तांब्या आणून ठेवायला लागले. भाषेच्या सरांनी एका वैद्याचा पत्ता दिला. बाईंनी कुणालाच खरं सांगितलं नाही. खोलीबाहेरचं बाक मात्र हळूहळू रिकामं व्हायला लागलं, आणि एक दिवस ते उचलून मैदानावर नेलं गेलं. कुणी नेलं ते बाईंना कळलंसुद्धा नाही.

पण नाव अजून सापडलं नव्हतं. बाईंच्या डोक्यात भाषेचे सर होते, आवाज दणदणीत म्हणून. खेळाचे सर होते, मुलं ऐकतात म्हणून. गणिताच्या बाई त्यांच्या ध्यानीमनीही नव्हत्या. गणिताच्या बाई म्हणजे सहावीच्या वर्गशिक्षिका, चौदा वर्षं शाळेत, चाळिशीच्या, सभेत खिडकीजवळ बसून वह्या तपासणाऱ्या. चौदा वर्षांत सभेत त्यांनी मांडलेला मुद्दा कुणाला आठवत नव्हता. त्या एक दिवस कसल्याशा दाखल्याचं विचारायला आल्या. बाईंनी गोळी तोंडात टाकली. दाखल्याचं दोन वाक्यांत उरकलं, तरी मोठ्या बाई काही बोलेनात. गणिताच्या बाई अस्वस्थ झाल्या. त्यांना वाटलं, मोठ्या बाईंना सगळं समजलेलं आहे आणि आता आपण कबूल करावं म्हणून त्या थांबल्या आहेत.

"बाई, त्या घंटेच्या दिवशी मी चूक केली," त्या म्हणाल्या. "सव्वाअकराला मी सहावीच्या मुलांना वर्गातच डबे खायला लावले. आवाज न करता. शेजारच्या पाचवीच्या वर्गातही सांगून आले. मुलं भुकेली होती, मला बघवेना. तुमची परवानगी घ्यायला दारापर्यंत आले होते, पण तुम्ही आतमध्ये शाळेसाठी भांडत होतात. त्यात अडथळा आणणं मला बरोबर वाटलं नाही."

बाईंनी तोंडातली गोळी कडकन चावली. एकोणीस माणसांत एकीने मुलांचं पोट बघितलं होतं, नियमही फार मोडला नव्हता, शेजाऱ्याची आठवण ठेवली होती आणि कुणासमोर मिरवलंही नव्हतं. आणि या बाईला आपण चौदा वर्षं दाखले आणि वह्या यांच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी उठून गणिताच्या बाईंचे दोन्ही हात धरले. गणिताच्या बाई घाबरून गेल्या.

झालं, नाव सापडलं म्हटल्यावर बाईंची जुनी खोड उफाळून आली. त्यांनी गणिताच्या बाईंना घडवायला घेतलं. सभेत कुठे बसायचं, पालकांशी बोलताना हात कुठे ठेवायचे, आवाज पोटातून कसा काढायचा, याचे धडे सुरू झाले. गोळ्याबिळ्या सगळ्या विसरल्या. दहा दिवसांत गणिताच्या बाई वाळून गेल्या आणि अकराव्या दिवशी येऊन म्हणाल्या, की मला नको ही मोठी कामं, मी आपली सहावी सांभाळते. बाईंनी घरी येऊन यजमानांना सांगितलं. यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तू तिला दुसरी तू करायला निघालीस. एक पुरे आहे."

बाईंनी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गणिताच्या बाईंना बोलावलं, चुकलं म्हणून सांगितलं, आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. डब्यात रंगीत कागदाचे चौकोन होते. दर सत्राचं वेळापत्रक बाई जेवणाच्या टेबलावर हे चौकोन मांडून करायच्या, एकट्या, दार लावून. कोणाला कुठला वर्ग आणि कुठला तास, हे ज्याच्या हातात त्याच्या हातात शाळा. दुसऱ्या सत्राचं तुम्ही करा, बाई म्हणाल्या, आणि मला तयार झाल्यावरच दाखवा.

वेळापत्रक आठवड्याने भिंतीवर लागलं. बाई सगळ्यांबरोबर उभ्या राहून वाचू लागल्या आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. शाळेत एक तास सगळ्यांच्या नावडीचा होता, आठवड्याच्या शेवटच्या दिवशीचा शेवटचा, आठवी क वर. मुलं तेव्हा आवरत नाहीत. अकरा वर्षं तो तास नव्या किंवा गरीब शिक्षकाच्या गळ्यात पडायचा. आता त्या चौकोनात लिहिलं होतं, इतिहास, मोठ्या बाई. गणिताच्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या म्हणाल्या, की तो तास दर महिन्याला फिरता ठेवलाय, कुणालातरी सुरुवात करावी लागणार होती. बाईंनी मान डोलावली. आठवी क ने त्यांना पहिल्या दिवशी रडकुंडीला आणलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या वर्गातला एक मुलगा दुपारी वाट अडवून पुढे काय झालं त्या राजाचं, असं विचारायला आला. सगळी शाळा वेळापत्रकावर खूश होती. कुणी तसं बोललं नाही, पण सभेत गणिताच्या बाई काही सांगू लागल्या की वह्या मिटायला लागल्या.

अध्यक्ष आले ते वर्ष संपायला महिना उरला असताना, आणि आले तेही नेमके वाईट दिवशी. बाईंचा एक दात गोळ्यांनी किडला होता. तो काढायला त्या सकाळी गेल्या होत्या, या खेपेला कुणाच्या खिशात चिठ्ठी न ठेवता. अकराच्या सुमाराला सुजलेला गाल घेऊन त्या फाटकाशी पोचल्या, तर अध्यक्ष आत शिरत होते. आणि समोर रस्त्यापलीकडच्या बेकरीपासून शाळेच्या टाकीपर्यंत मोठ्या वर्गांतल्या मुलांची रांग लागली होती. हातोहात पाण्याच्या बादल्या येत होत्या. काकांनी सांगितलं, की पंपाची मोटर जळली, टाकी कोरडी, दुरुस्तीचा माणूस दुपारनंतर येणार.

मोटर याआधी दोनदा जळली होती आणि दोन्ही वेळा बाईंनी शाळा सोडून दिली होती. पाणी नाही तर शाळा नाही, यात विचार करण्यासारखं काय होतं? त्यात दात दुखत होता आणि शेजारी अध्यक्ष. आपल्या शाळेचं हे ध्यान त्यांच्या नजरेला पडावं, याने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या व्हरांड्यात चढल्या आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "बादल्या ठेवा खाली. शाळा सोडा."

रांग थबकली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी गणिताच्या बाईंकडे पाहिलं. त्या टाकीपाशी ओल्या पायांनी उभ्या होत्या. त्या दोन पावलं पुढे आल्या.

"बाई, सोडायची नाही," त्या म्हणाल्या. आवाज पोटातून नव्हता, नेहमीचाच होता. "मी सकाळी घरोघरी फोन लावले. लहान वर्गांतल्या त्रेसष्ट मुलांच्या घरी आत्ता कुलूप आहे. ती रस्त्यावर बसतील. बेकरीवाले दुपारपर्यंत पाणी देतायत, तेवढं पुरतं."

 रांगेतल्या सगळ्या मुलांसमोर, अध्यक्षांसमोर, मोठ्या बाईंना कुणीतरी नाही म्हटलं होतं. बाईंचा दुखरा गालसुद्धा तापला. तोंडात होता तो नुसता कापसाचा बोळा. याआधी दोनदा आपण शाळा सोडली तेव्हा ती त्रेसष्ट मुलं कुठे बसली असतील, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी फोनच लावले नव्हते. त्यांचा राग एकदम ओसरला, त्यांना फार बरं वाटलं आणि त्या व्हरांड्यातून खाली उतरल्या.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

गणिताच्या बाई क्षणभर गांगरल्या, पण क्षणभरच. दुसरीच्या बाई बेकरीत थांबल्या आहेत, वर्ग मोकळा आहे, तुम्ही तिथे जा, असं त्यांनी सांगितलं. रांग पुन्हा हलायला लागली. अध्यक्ष फाटकापाशीच उभे होते, त्यांनी कोट काढून हातावर घेतला होता, आणि त्यांच्यासमोरून एक बादली जात होती म्हणून त्यांनी तीही पुढे सरकवली.

दुसरीच्या वर्गात बाईंना पाहून मुलं उठून उभी राहिली. एक जण लगेच बसला आणि त्याने विचारलं, तुमचा गाल असा का झाला. बाईंनी त्यांना दाताची गोष्ट सांगितली, जरा वाढवून सांगितली. मुलांनी आपापले हलणारे दात दाखवले. त्यातून मोजणी निघाली, वर्गात किती दात हलतायत त्याची, आणि फळ्यावर रेघा पडायला लागल्या. अर्ध्या तासाने अध्यक्ष दारात आले. सगळी शाळा पाहून झाली होती. चला, तुमच्या खोलीत बसून बोलू, असं ते म्हणाले.

"मला हलता येणार नाही," बाई म्हणाल्या. "गणिताच्या बाईंना विचारून या."

अध्यक्ष खरंच गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पँटचे पाय भिजलेले होते. तास संपेपर्यंत सोडता येणार नाही म्हणाल्या, असं त्यांनी सांगितलं, आणि मागच्या चिमुकल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन ते बसले. बाई रेघा मोजायला वळल्या. थोड्या वेळाने मागून अध्यक्षांचा दबका आवाज आला. संस्थेच्या बैठकीला एक नाव लिहून न्यायचं होतं आणि त्यांच्याजवळ कागद नव्हता. शेजारच्या मुलीने दप्तरातून दोन वह्या काढल्या आणि कोणत्या वहीतला देऊ म्हणून विचारलं.

"गणिताच्या वहीतला दे," अध्यक्ष म्हणाले.

मुलीने चौकटींचं पान जपून फाडून दिलं. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना डोळे पुसायचे होते आणि समोर पहिल्या बाकावरचा मुलगा त्याचा दात अजून मोजलेला नाही म्हणून हात वर करून बसला होता.